विश्लेषण : कंपनीविरुद्धची याचिका दाराशीच अडवता येते का?

थकलेल्या बिलासाठी कंपनीच गुंडाळण्याची मागणी धनको करू लागला, तर न्यायालय त्याला आधीच मनाई करू शकते का? कापूस महामंडळाच्या १९८३च्या खटल्यापासून बुटीबोरीच्या वीज प्रकल्पापर्यंत या प्रश्नाला मिळालेली उत्तरे आणि त्यांचा छोट्या उद्योजकासाठी अर्थ.

बुटीबोरीच्या वीज प्रकल्पाची मालकी जुलै २०२५मध्ये बदलली. ६०० मेगावॉटचा हा प्रकल्प उभारणारी विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर लिमिटेड ही कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेतून गेली आणि सुमारे ४,००० कोटी रुपयांना अदानी पॉवरकडे आली. बातमी आली आणि गेली. पण याच कंपनीने तीन वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयात एक लढाई जिंकली होती, हे फारसे कुणाच्या लक्षात नाही. बँकेने केलेली दिवाळखोरीची याचिका थांबवून ठेवावी, आमचे सरकारी यंत्रणेकडचे येणे आधी ठरू द्यावे, अशी तिची मागणी होती. त्या निकालाची चर्चा देशभरातल्या वकिलांमध्ये आजही ‘विदर्भ निकाल’ या नावाने होते.

त्या लढाईच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र खूप जुना आहे. पैसे थकले म्हणून कुणी कंपनीच बंद पाडायला न्यायालयात निघाला, तर त्याला दारातच अडवता येते का? की त्याला आत येऊ द्यायचे आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे का, ते आत तपासायचे?

याचिका दाखल झाली तर एवढे काय बिघडते?

नेहमीचा वसुलीचा दावा आणि कंपनी गुंडाळण्याची याचिका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वसुलीच्या दाव्यात दोघांचेच भांडण असते. ते वर्षानुवर्षे चालले तरी कारखाना सुरू राहतो, पगार होतात, बँक कर्ज देत राहते. कंपनी गुंडाळण्याची, कायद्याच्या भाषेत अवसायनाची याचिका मात्र एकट्या धनकोसाठी नसते. ‘ही कंपनी देणी फेडू शकत नाही, तिची मालमत्ता विकून सगळ्यांना वाटून द्या’ अशी ती मागणी असते.

त्यामुळे तिचे परिणामही सगळ्यांवर होतात. १९५६च्या कंपनी कायद्यात तर एक कडक तरतूद होती. न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला, की अवसायनाची सुरुवात आदेशाच्या दिवसापासून नव्हे, तर याचिका दाखल झाल्याच्या दिवसापासून धरली जायची. मधल्या काळात कंपनीने विकलेली मालमत्ता न्यायालयाने मान्यता दिली नाही तर रद्दबातल ठरायची. याचिका दाखल करून घेतली, की वृत्तपत्रात जाहिरात यायची. जाहिरात वाचून बँका हात आखडता घेत, पुरवठादार रोखीने पैसे मागत, गिऱ्हाईक दुसरीकडे वळत. पुढे याचिका फेटाळली गेली, तरी गेलेली पत सहज परत येत नसे.

हे शस्त्र हाती घेणेही सोपे होते. त्या कायद्यानुसार ५०० रुपयांपेक्षा जास्त देणे असले, धनकोने नोटीस दिली आणि तीन आठवड्यांत पैसे मिळाले नाहीत, तर कंपनी ‘देणी फेडण्यास असमर्थ’ मानली जायची. साहजिकच वसुलीच्या दाव्याऐवजी अवसायनाची नोटीस पाठवून कंपनीला घाबरवण्याचा मोह अनेकांना होई.

इंग्लंडमध्ये काय करतात?

तिथे कंपनीला याचिकेआधीच न्यायालयात धाव घेता येते. ‘हे देणे आम्हाला मान्य नाही, वाद प्रामाणिक आहे, तरीही समोरचा याचिकेची धमकी देतो आहे’ असे दाखवले, की न्यायालय धनकोला याचिका दाखल करण्यापासूनच मनाई करते. १८७४च्या कॅडिझ वॉटरवर्क्स प्रकरणापासून ही परंपरा सांगितली जाते. विचार सरळ आहे. जाहिरात छापून आल्यावर न्याय मिळण्यापेक्षा ती छापूच न देणे बरे.

भारतातल्या कंपन्यांनीही हाच मार्ग धरायचा प्रयत्न केला. तो अडला तो मुंबईतल्या एका खटल्यात.

कापूस महामंडळाचा खटला काय होता?

सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हे नाव विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हमीभावाने कापूस खरेदी करणारे केंद्र सरकारचे हे महामंडळ. कापूस विक्रीच्या व्यवहारातून निघालेल्या रकमेवरून त्याचा युनायटेड इंडस्ट्रियल बँकेशी वाद झाला. बँक ते देणे मान्य करीत नव्हती. महामंडळ बँकेविरुद्धच अवसायनाची याचिका करणार, अशी चिन्हे दिसू लागली.

बँकेसाठी ही धमकी साध्या कंपनीपेक्षाही गंभीर होती. बँक गुंडाळण्याची याचिका आली आहे, एवढी बातमी पसरली तरी ठेवीदारांच्या रांगा लागतात. म्हणून बँकेने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला आणि महामंडळाने अवसायनाची याचिका दाखल करू नये, असा तात्पुरता मनाई हुकूम मागितला. उच्च न्यायालयात तिला दिलासा मिळाला. महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८३ मध्ये न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिलेल्या निकालाने तो मनाई हुकूम रद्द झाला.

सर्वोच्च न्यायालयाने कशाचा आधार घेतला?

‘स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट’ या नावाने वकिलांना परिचित असलेल्या १९६३च्या कायद्यात कलम ४१ आहे. मनाई हुकूम कधी देता येत नाही, याची यादी त्यात आहे. त्यातले उपकलम (बी) सांगते, की जे न्यायालय मनाई हुकूम देणाऱ्या न्यायालयाच्या हाताखालचे नाही, तिथे कार्यवाही सुरू करण्यापासून किंवा चालवण्यापासून कुणालाही रोखता येणार नाही.

अवसायनाची याचिका त्या काळी उच्च न्यायालयात चालत असे. उच्च न्यायालय स्वतःच्याच हाताखालचे कसे असेल? दिवाणी न्यायालय तर त्याहून खालचे. म्हणजे अवसायनाच्या याचिकेला आधीच मनाई करू शकेल असे न्यायालय व्यवहारात उरत नव्हते.

यावर एक जुनी पळवाट होती. मनाई हुकूम न्यायालयाला नसतो, माणसाला असतो. तेव्हा ‘आम्ही त्या न्यायालयाचे काम थांबवत नाही, फक्त या माणसाला तिथे जाऊ नको असे सांगतो’ असा युक्तिवाद १८७७च्या आधीच्या कायद्याखाली होत असे. १९६३ मध्ये संसदेने शब्दच बदलले. कुणाही ‘व्यक्तीला’ कार्यवाही सुरू करण्यापासून रोखता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आणि पळवाट बंद झाली. जो हुकूम कायमचा देता येत नाही तो तात्पुरताही देता येत नाही, आणि कायद्याने स्पष्ट मना केलेले काम न्यायालयाच्या अंगभूत अधिकारातूनही करता येत नाही, असेही निकालात ठरले.

त्यामागची भूमिका महत्त्वाची होती. न्यायालयात दाद मागणे हा नागरिकाचा हक्क आहे. त्या हक्काच्या आड खुद्द न्यायालयानेही सहसा येऊ नये. याचिका खोटी असेल, त्रास देण्यासाठी असेल, तर ती ज्या न्यायालयात येईल तेच तिचा निकाल लावेल. ही युनायटेड इंडस्ट्रियल बँक पुढे १९८९ मध्ये अलाहाबाद बँकेत विलीन झाली. तिच्या नावाचा हा निकाल मात्र आजही न्यायालयांत उद्धृत होतो.

मग कंपनीला संरक्षण कुठे मिळाले?

आत मिळाले. दार अडवायचे नाही म्हटल्यावर आतली चाळणी बारीक करावी लागली आणि ती न्यायालयांनी हळूहळू केली.

१९६७च्या नॅशनल कन्ड्यूट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की याचिका आली म्हणून लगेच जाहिरात द्यायची नाही. आधी कंपनीला नोटीस काढून ‘ही याचिका का दाखल करून घेऊ नये?’ असे विचारता येते. म्हणजे पत जाण्याआधी कंपनीला बोलायची संधी मिळाली.

१९७१च्या मधुसूदन गोरधनदास विरुद्ध मधु वूलन इंडस्ट्रीज या मुंबईतल्या प्रकरणात कसोटी आणखी स्पष्ट झाली. कंपनीचा बचाव प्रामाणिक आणि ठोस हवा, तो कायद्याच्या दृष्टीने टिकण्यासारखा हवा आणि ज्या घटनांवर तो उभा आहे त्यांचा प्रथमदर्शनी पुरावा हवा. हे तिन्ही असेल तर अवसायनाचे न्यायालय त्या भांडणात पडणार नाही. धनकोने वसुलीचा दावा लावावा. पण देणे निर्विवाद असेल आणि कंपनी नुसती टाळाटाळ करीत असेल, तर ‘आमच्याकडे पैसा आहे, पण देणार नाही’ हे ऐकून घेतले जाणार नाही. देणे आहे हे नक्की, फक्त नेमका आकडा वादात आहे, एवढ्यावरही कंपनीची सुटका होत नाही.

नागपूर आणि विदर्भातल्या कंपन्यांच्या अशा याचिका तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात चालत. कंपनी गुंडाळण्याचा आदेश झाला, की मालमत्ता सरकारी अवसायकाच्या ताब्यात जाई.

२०१६ नंतर काय बदलले?

२०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने, म्हणजेच आयबीसीने, पाटीच पुसून नवी लिहिली. देणी थकली या कारणासाठी कंपनी थेट गुंडाळण्याचा जुना मार्ग बंद झाला. आता धनको राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजेच एनसीएलटीत जातो. तिथे आधी कंपनी वाचवण्याचा प्रयत्न होतो, नवा खरेदीदार शोधला जातो. तो सापडला नाही तरच मालमत्ता विकायला काढली जाते.

कंपनीच्या दृष्टीने धोका मात्र तेवढाच आहे, कदाचित जास्त. याचिका दाखल करून घेतली त्या दिवशी संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात. कारभार बाहेरून नेमलेल्या व्यावसायिकाच्या हाती जातो. वृत्तपत्रात जाहीर सूचना येते. कंपनीविरुद्धचे इतर दावे स्थगित होतात. सगळी प्रक्रिया १८० दिवसांत, वाढवून घेतली तरी खटल्यांचा वेळ धरून ३३० दिवसांत संपावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

आणि दार? ते अडवण्याची सोय नव्या कायद्यात आणखी कमी झाली. दिवाणी न्यायालयांना या विषयात अधिकारच नाही, असे कलम ६३ सांगते. न्यायाधिकरणाला मिळालेल्या अधिकारांखाली झालेल्या किंवा होऊ घातलेल्या कारवाईला कोणत्याही न्यायालयाने मनाई हुकूम देऊ नये, असे कलम ६४ मध्ये लिहिले आहे. कलम २३१ हेच पुन्हा बजावते. उच्च न्यायालयाचा रिट अधिकार राज्यघटनेने दिलेला असल्याने तो संपत नाही, पण अशा प्रकरणांत तो क्वचितच वापरला जातो.

छोट्या पुरवठादारासाठी आणि छोट्या कारखानदारासाठी चाळणी कोणती?

एक उदाहरण घेऊ. समजा, हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याने शेजारच्या पुरवठादाराकडून १ कोटी २० लाखांचे सुटे भाग घेतले. त्यातला बराच माल सदोष निघाला, असे कारखान्याचे म्हणणे आहे. पुरवठादाराला ते मान्य नाही. बिल थकले.

माल किंवा सेवा पुरवणाऱ्या धनकोला आधी मागणीची नोटीस द्यावी लागते. कंपनीला उत्तरासाठी दहा दिवस मिळतात. या दहा दिवसांत तिने ‘वाद आहे’ असे पुराव्यासह कळवले, तर याचिका टिकत नाही. २१ सप्टेंबर २०१७च्या मोबिलॉक्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ सांगितला. वाद खरा आहे की नाही, याचा अंतिम निवाडा एनसीएलटीने करायचा नाही. फक्त तो हवेतला नाही, त्यात तपासण्यासारखे काही आहे, एवढे पाहायचे. सुपात पाखडून दाणे आणि फोलपट वेगळे करावे तेवढेच हे काम.

पण वाद नोटिशीच्या आधीचा असायला हवा. सदोष मालाबद्दलचा ईमेल, परत पाठवलेल्या मालाचे चलन, तपासणी अहवाल, आधी लावलेला दावा, यांपैकी काहीतरी नोटीस येण्यापूर्वीच्या तारखेचे हवे. नोटीस हातात पडल्यावर तक्रार शोधायला निघणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. अनेक छोट्या कंपन्या इथेच अडकतात. माल खराब असल्याचे फोनवर दहा वेळा सांगितलेले असते, कागदावर एकदाही नाही.

पुरवठादाराची बाजूही तेवढीच खरी आहे. २४ मार्च २०२० रोजी केंद्राने याचिकेसाठीची किमान थकबाकी १ लाखावरून थेट १ कोटी रुपये केली. करोनाच्या टाळेबंदीत छोटे उद्योग दिवाळखोरीत ओढले जाऊ नयेत, हा हेतू होता. २५ मार्च २०२० पासून वर्षभरात झालेल्या थकबाकीसाठी तर याचिकांनाच बंदी होती. संसदेने स्वतः दार बंद केले, असा तो दुर्मीळ प्रसंग. वर्षाची बंदी संपली, १ कोटीची अट मात्र राहिली. ज्याचे ४० लाख अडकले आहेत, त्या वर्कशॉपवाल्याला एनसीएलटीचे दार उघडतच नाही.

त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज लागते आणि दाद सुविधा परिषदेकडे मागता येते. कायदा चांगला आहे, पण तिथला आदेश म्हणजे पुन्हा वसुलीचीच लढाई. दिवाळखोरीच्या याचिकेसारखा धाक त्यात नाही.

विदर्भ इंडस्ट्रीजच्या प्रकरणात वेगळे काय होते?

आतापर्यंतची चाळणी माल आणि सेवा पुरवणाऱ्यांच्या याचिकांसाठी होती. बँकांची गोष्ट वेगळी. कर्ज दिले आहे आणि हप्ता थकला आहे, एवढे दिसले की याचिका दाखल करून घ्यायची, अशीच २०१६ नंतरची समजूत होती.

ॲक्सिस बँकेने जानेवारी २०२० मध्ये विदर्भ इंडस्ट्रीजविरुद्ध सुमारे ५५३ कोटी रुपयांच्या थकबाकीसाठी एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठात याचिका केली. कंपनीने थकबाकी नाकारली नाही. तिचे म्हणणे असे, की इंधनाच्या खर्चापोटी वीजदरातून आम्हाला मोठी रक्कम मिळायला हवी. विजेच्या अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१६ मध्ये आमच्या बाजूने निकाल दिला, त्यानुसार आमचे येणे सुमारे १,७३० कोटींचे आहे. पण महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे अपील सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. ते पैसे आले तर बँकेचे देणे सहज फिटेल. तोवर याचिका थांबवा.

एनसीएलटीने जानेवारी २०२१ मध्ये आणि अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२१ मध्ये ही मागणी फेटाळली. १२ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. इंदिरा बॅनर्जी आणि न्या. जे. के. माहेश्वरी यांच्या खंडपीठाने दोन्ही आदेश रद्द केले आणि प्रकरण नव्याने विचारासाठी परत पाठवले. निकाल एका शब्दावर फिरला. पुरवठादारांच्या याचिकेबद्दल कायदा म्हणतो, अटी पूर्ण असतील तर न्यायाधिकरण याचिका दाखल करून ‘घेईल’. बँकांच्या याचिकेबद्दल म्हणतो, दाखल करून ‘घेऊ शकेल’. दोन ठिकाणी संसदेने वेगवेगळे शब्द वापरले, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी न्यायाधिकरणाला तारतम्य वापरण्याची मुभा आहे, असा अर्थ खंडपीठाने लावला.

हा मनाई हुकूम नव्हता. बँकेला दारात अडवले नव्हते. पण आत आलेल्या याचिकेला थांबायला सांगण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला आणि कंपन्यांच्या वकिलांना एक नवे हत्यार सापडले. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेची फेरविचार याचिका फेटाळताना, आणि पुढे मे २०२३च्या एम. सुरेश कुमार रेड्डी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानेच स्पष्ट केले, की विदर्भ निकाल त्या प्रकरणाच्या विशिष्ट परिस्थितीपुरता वाचावा. एरवी कर्ज आणि थकबाकी सिद्ध झाली, की याचिका दाखल करून घ्यायची हाच नियम.

शेवटी कंपनी वाचली का?

जुन्या मालकांच्या हातात तरी राहिली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये रिलायन्स पॉवरने या कंपनीच्या कर्जाला दिलेल्या हमीतून तडजोडीने स्वतःची सुटका करून घेतली आणि विदर्भ इंडस्ट्रीज ही तिची उपकंपनी राहिली नाही. त्याच महिन्याच्या शेवटी, ३० सप्टेंबरला, एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने तिच्याविरुद्धची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली. जून २०२५ मध्ये अदानी पॉवरची योजना मंजूर झाली.

यातून एक गोष्ट दिसते. याचिका थांबली म्हणजे कंपनी सावरली, असे नसते. थांबवून मिळतो तो वेळ. त्या वेळात पैसा आला नाही, तर दार पुन्हा वाजतेच.

आता सरकार काय बदलू पाहते आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात विदर्भ निकालाने दिलेली ही मुभा काढून घेण्याचा प्रस्ताव होता. थकबाकी सिद्ध झाली आणि अर्ज पूर्ण असला, की बँकेची याचिका दाखल करून घ्यावीच लागेल, इतर कारणे पाहायची नाहीत, असा त्याचा आशय. याचिका दाखल होण्यातच फार वेळ जातो, हे त्यामागचे कारण. कायद्यात त्यासाठी १४ दिवस दिलेले आहेत, पण ती मुदत बंधनकारक नसल्याचे न्यायालयांनी ठरवले आणि प्रत्यक्षात महिनोन्‌महिने लागतात. तोवर यंत्रे गंजतात, कामगार पांगतात, मालमत्तेची किंमत उतरते.

मग बरोबर काय?

कापूस महामंडळाच्या खटल्यातले तत्त्व आजही योग्य आहे. दारातच मनाई करण्याची सोय ठेवली, तर तिचा फायदा चांगले वकील लावू शकणाऱ्या मोठ्या कंपनीला जास्त होईल. पुरवठादाराचे पैसे अडवायचे आणि त्याने तोंड उघडण्याआधी मनाई हुकूम आणायचा, असा खेळ सुरू होईल. तेव्हा दार उघडेच राहावे.

पण उघड्या दाराची जबाबदारी आतल्या चाळणीवर येते आणि ती चाळणी दोन बाजूंनी ढिली आहे. एक, प्रामाणिक वाद असलेली कंपनी याचिका फेटाळली जाईपर्यंत महिनोन्‌महिने संशयाच्या छायेत राहते. दुसरे, त्रास देण्यासाठी याचिका करणाऱ्याला १ लाख ते १ कोटी रुपये दंडाची तरतूद कलम ६५ मध्ये आहे, पण धाक वाटावा इतक्या वेळा ती वापरली गेलेली नाही. पैसे उकळण्यासाठी याचिका करणाऱ्यावर हा दंड खरोखर बसू लागला, तर मनाई हुकुमाची गरजच फारशी उरणार नाही.

बँकांच्या याचिकांबाबत सरसकट मुभा नको, हे सरकारचे म्हणणे समजण्यासारखे आहे. ‘पुढे पैसे येणार आहेत’ हे प्रत्येक थकबाकीदार सांगतो. पण सरकारी यंत्रणेकडून येणे आहे, त्यावर न्यायाधिकरणाचा निकालही झाला आहे, फक्त अपील अडकले आहे, ही परिस्थिती वेगळी आहे. वीज, रस्ते, पाणीपुरवठा या क्षेत्रांतल्या कंपन्यांचे, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या शेकडो छोट्या कंत्राटदारांचे, बुडणे अनेकदा सरकारच्या थकलेल्या बिलापासूनच सुरू होते. अशा कंपनीला आपली बाजू मांडण्यासाठी कायद्यात एक अरुंद, मुदतबंद खिडकी ठेवायला हरकत नसावी. सगळी मुभाच काढून घेणे म्हणजे ओल्याबरोबर सुकेही जाळणे.

नागपूरसाठी आणखी एक मुद्दा आहे. पूर्वी या याचिका सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठात चालत. आता राज्यासाठीचे एनसीएलटी खंडपीठ मुंबईत आहे. ऑनलाइन सुनावणीने अंतर कमी झाले असले, तरी कंपनी कायद्याचे वकील, कागदपत्रे आणि खर्च मुंबईच्याच हिशेबाने चालतात. दहा दिवसांत उत्तर द्यायचे, ते वेळेत आणि नीट द्यायचे, ही जबाबदारी हिंगण्याच्या कारखानदारावर टाकायची, तर न्यायाधिकरणाचे निदान फिरते खंडपीठ तरी नागपुरात बसायला हवे.

उद्योजकाने लक्षात काय ठेवायचे?

माल किंवा काम पसंत नसेल, तर त्याच दिवशी लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बघू’ एवढ्यावर सोडू नका. मागणीची नोटीस आली, तर दहा दिवस संपण्याआधी कागदांसह उत्तर द्या. देणे मान्य असेल पण पैसे नसतील, तर याचिका दाखल होण्याआधी तडजोड करा. दाखल झाल्यावर आणि धनकोंची समिती बसल्यावर माघारीसाठी समितीच्या ९० टक्के मतांची मंजुरी लागते. आणि पैसे तुमचे अडकले असतील, तर बिल, चलन आणि माल पोहोचल्याची सही जपून ठेवा. याचिका १ कोटीच्या वरची असो की सुविधा परिषदेतला अर्ज, विचारणा पहिल्यांदा याच कागदांची होते.